नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका: उच्च शिक्षणातल्या शिक्षकांच्या संख्येची तुलना कशी करावी

एका बाजूला ३७,५०४. दुसऱ्या बाजूला १७ हजारांच्या थोडं वर. पहिला आकडा नायजेरियातल्या सार्वजनिक विद्यापीठांमधल्या अध्यापकांचा, दुसरा दक्षिण आफ्रिकेतल्या. दोन्ही २०१२च्या सुमाराचे. शेजारीशेजारी ठेवले की ‘नायजेरियात दुपटीहून जास्त प्राध्यापक’ हे वाक्य आपोआप सुचतं आणि त्यावर एक झकास स्तंभालेखही काढता येतो. पण दुसऱ्या आकड्यात फक्त कायम पदावरचे अध्यापक आहेत, आणि पहिल्याच्या मागे जो अहवाल आहे त्यातच पाहुण्या अध्यापकांवर चालणाऱ्या विद्यापीठांची उदाहरणं आहेत. म्हणजे तुलना होतेय ती वेगवेगळ्या रीतीने मोजलेल्या माणसांची.

हा लेख अशी तुलना स्वतः करणाऱ्यांसाठी आहे: शोधनिबंध लिहिणारे विद्यार्थी, शिक्षणावर लिहिणारे पत्रकार, स्पर्धा परीक्षांचे निबंध तयार करणारे. मुंबई विद्यापीठात आफ्रिकेच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे. त्या वाटेने या विषयाकडे येणाऱ्यांनाही उपयोग व्हावा. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिका. दोन्ही देशांचे विद्यापीठांचे आकडे तपशिलात उपलब्ध आहेत आणि दोघांची रचना इतकी वेगळी आहे की तुलनेतले बहुतेक खाचखळगे या एका जोडीत सापडतात.

पायरी १: प्रश्न एका ओळीत लिहा

‘कोणाकडे शिक्षक जास्त’ हा प्रश्न दिसतो एक, पण त्याच्या पोटात तीन आहेत. एकूण माणसं किती? एका शिक्षकामागे विद्यार्थी किती? शिकवणाऱ्यांची पात्रता काय? तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात, आणि या जोडीत ती जातातच. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी कागदावर लिहा. आकडे हातात आल्यावर प्रश्न ठरवायला बसलात, तर सोयीचा आकडाच प्रश्न ठरवून टाकतो.

पायरी २: ‘उच्च शिक्षण’ म्हणजे कोणत्या संस्था, ते ठरवा

आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी युनेस्कोचं शिक्षणाचं प्रमाण वर्गीकरण वापरतात. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आवृत्तीत स्तर ५ ते ८ म्हणजे उच्च शिक्षण: ५ म्हणजे बारावीनंतरचे कमी मुदतीचे अभ्यासक्रम, ६ पदवी, ७ पदव्युत्तर, ८ डॉक्टरेट. त्याआधीच्या १९९७च्या आवृत्तीत उच्च शिक्षणाला फक्त ५ आणि ६ हे दोनच स्तर होते. जुनी मालिका आणि नवी मालिका जोडताना हे लक्षात ठेवा. नाहीतर १९९७च्या आवृत्तीतला ‘स्तर ६’ म्हणजे पदवी असं समजाल, आणि तो तर डॉक्टरेटचा होता.

वर्गीकरण कागदावर सोपं दिसतं. खरी गुंतागुंत देशाच्या आतल्या रचनेत असते.

नायजेरियात उच्च शिक्षणाच्या तीन वेगळ्या गल्ल्या आहेत आणि प्रत्येकीवर वेगळी नियामक संस्था आहे. विद्यापीठं राष्ट्रीय विद्यापीठ आयोगाकडे, पॉलिटेक्निक राष्ट्रीय तंत्रशिक्षण मंडळाकडे, आणि शिक्षक घडवणारी कॉलेजेस ऑफ एज्युकेशन त्यांच्या स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाकडे. लागोसचं याबा कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी १९४७ पासूनचं, पण ते पॉलिटेक्निकच्या गल्लीत येतं. विद्यापीठांच्या यादीत तिथले शिक्षक शोधलेत तर एकही मिळणार नाही.

दक्षिण आफ्रिकेने याच्या अगदी उलट केलं. तिथे २१ विद्यापीठं आणि १५ टेक्निकॉन, म्हणजे तंत्र व व्यवसाय शिक्षणाच्या उच्च संस्था, होती. २००२ ते २००५ या काळात विलीनीकरणाची मोठी मोहीम झाली आणि ३६ सार्वजनिक संस्थांच्या २३ झाल्या. प्रिटोरिया, नॉर्दर्न गाउतेंग आणि नॉर्थ वेस्ट ही तीन टेक्निकॉन मिळून २००४ मध्ये श्वाने तंत्रज्ञान विद्यापीठ उभं राहिलं. रँड आफ्रिकान्स विद्यापीठ आणि विटवॉटर्सरँड टेक्निकॉन एकत्र येऊन २००५ मध्ये जोहान्सबर्ग विद्यापीठ झालं. शिक्षक प्रशिक्षणाची महाविद्यालयं तर त्याच्याही आधी विद्यापीठांमध्ये सामावली होती.

आता याचा तुलनेवर काय परिणाम होतो ते पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या ‘विद्यापीठ अध्यापक’ या आकड्यात तंत्रशिक्षण देणारे आणि बी.एड. शिकवणारेही आहेत. नायजेरियाच्या त्याच नावाच्या आकड्यात पॉलिटेक्निकवाले नाहीत आणि कॉलेज ऑफ एज्युकेशनवालेही नाहीत. दोन्ही तक्त्यांचं शीर्षक एकच असलं, तरी आतला माल वेगळा. संपूर्ण उच्च शिक्षणाची तुलना करायची असेल तर नायजेरियाच्या तिन्ही नियामकांचे आकडे एकाच वर्षाचे मिळवून बेरीज करावी लागते. ते जमत नसेल तर ‘फक्त विद्यापीठं’ अशी मर्यादा घाला आणि ती शीर्षकातच लिहा.

दक्षिण आफ्रिकेच्या ५० सार्वजनिक टीव्हेट, म्हणजे तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाच्या, महाविद्यालयांचं काय, हा प्रश्न इथे येतोच. तिथल्या राष्ट्रीय व्यावसायिक प्रमाणपत्राचे स्तर २ ते ४ शाळेच्या दहावी-बारावीच्या पातळीवरचे आहेत, एन४ ते एन६ या नावाचे तिथलेच अभ्यासक्रम मात्र शालान्त परीक्षेनंतरचे. एकाच इमारतीत एकच शिक्षक दोन्हींना शिकवतो, त्यामुळे त्याला कोणत्या स्तरावर मोजायचं याचं सरळ उत्तर नाही. माझं मत असं की विद्यापीठांच्या तुलनेत टीव्हेट पूर्ण बाहेर ठेवावं आणि तसं नमूद करावं.

खासगी संस्थांबाबतही हाच नियम. नायजेरियात पहिल्या खासगी विद्यापीठांना १९९९ मध्ये मान्यता मिळाली. सुरुवातीला दिलेले दोन्ही आकडे सार्वजनिक संस्थांचेच आहेत, म्हणून या बाबतीत ही जोडी जमते. दुसरीकडून आकडे घेतलेत तर खासगी आत आहेत की बाहेर, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: शिक्षक म्हणून कोणाला मोजलं, ते शोधा

या कामातला सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. तासिका तत्त्वावर दोन-तीन महाविद्यालयांत शिकवणारा सीएचबी प्राध्यापक प्रत्येक हजेरीपटावर असतो; तिन्ही पट बेरजेला धरले तर एका माणसाचे तीन होतात.

नायजेरियात हे किती खोलवर आहे ते २०१२च्या गरजा-मूल्यांकन अहवालात दिसतं. विद्यापीठ अध्यापकांची संघटना, जिला सगळे ‘असू’ म्हणतात, आणि केंद्र सरकार यांच्या संघर्षातून ही समिती नेमली गेली. अध्यक्ष होते महमूद याकुबू, जे पुढे निवडणूक आयोगाचे प्रमुख झाले. समितीने सार्वजनिक विद्यापीठांमध्ये प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली, आणि ३७,५०४ हा आकडा तिथलाच. त्याच अहवालात गोम्बे राज्य विद्यापीठाची नोंद आहे: ४७ प्राध्यापकांपैकी पूर्णवेळ फक्त ४, आणि २५ रीडरांपैकी (प्राध्यापकाच्या खालचं पद) पूर्णवेळ एकही नाही, सगळे पाहुणे. कडुना राज्य विद्यापीठात पीएच.डी. असलेल्या १७४ जणांपैकी पूर्णवेळ होते २४. बोक्कोसच्या प्लॅटो राज्य विद्यापीठात ७४ टक्के अध्यापक पाहुणे.

गोम्बेच्या त्या ४३ पाहुण्या प्राध्यापकांचा विचार करा. पाहुणा म्हणजे ज्याची मूळ नोकरी दुसरीकडे आहे असा माणूस. त्या दुसऱ्या ठिकाणच्या पटावरही त्याचं नाव असणारच. दोन्ही विद्यापीठं आपापल्या जागी खरं सांगतात, पण देशाच्या बेरजेत तो दोनदा येऊ शकतो. म्हणून नायजेरियाचा कोणताही एकूण आकडा हाताळताना विचारा: पाहुणे, मानद आणि रजा घेऊन दुसरीकडे गेलेले अध्यापक आत आहेत का? असतील तर वेगळे काढता येतात का?

दक्षिण आफ्रिकेत अडचण दुसऱ्या बाजूने येते. तिथे विद्यापीठं दरवर्षी ‘हेमिस’ नावाच्या माहिती प्रणालीत प्रत्येक कर्मचाऱ्याची नोंद पाठवतात. कामाचा निम्म्याहून जास्त वेळ अध्यापन आणि संशोधनात जाणाऱ्यांचा गट वेगळा असतो, आणि त्यात कायम व तात्पुरते असे दोन भाग पडतात. वर्तमानपत्रांत आणि बहुतेक अहवालांत छापून येतो तो कायम अध्यापकांचा आकडा, २०१२ मध्ये १७ हजारांच्या वर. तात्पुरत्यांची डोकी मोजली तर ती कायमपेक्षाही जास्त भरतात. त्यांतले पुष्कळजण आठवड्याला मोजकेच तास शिकवतात, त्यामुळे त्यांना जसंच्या तसं मिळवणंही बरोबर नाही.

यावरचा उपाय हेमिसमध्येच आहे: पूर्णवेळ-समतुल्य संख्या. अर्धा वेळ काम करणारे दोघे मिळून एक, असा तो हिशेब. दक्षिण आफ्रिकेची अशी संख्या मिळते. नायजेरियाची मिळाली नाही तर दोन्हीकडे ‘फक्त पूर्णवेळ, कायम’ असाच निकष लावा. एकीकडे डोकी आणि दुसरीकडे पूर्णवेळ-समतुल्य, असं कधीही करू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. आंतरराष्ट्रीय व्याख्येत वर्गावर न जाणारे प्रशासक शिक्षकांत धरत नाहीत, विभागप्रमुख मात्र त्याचं मुख्य काम अध्यापन-संशोधन असेल तर धरतात. प्रयोगशाळा सहाय्यक आणि शिकवण्या घेणारे पदव्युत्तर विद्यार्थी यांच्याबाबत प्रत्येक देशाची सवय वेगळी. तक्त्याखालच्या बारीक टिपा वाचा; उत्तर बहुधा तिथेच असतं.

पायरी ४: वर्ष जुळवा

दक्षिण आफ्रिकेत शैक्षणिक वर्ष म्हणजे कॅलेंडर वर्ष, त्यामुळे २०१२ म्हणजे २०१२च. नायजेरियात सत्र दोन कॅलेंडर वर्षांवर पसरतं, आणि युनेस्को अशा सत्राला शेवटच्या वर्षाचं नाव देते: २०११–१२चं सत्र तक्त्यात २०१२ म्हणून दिसतं.

त्यात संपांचा घोळ. ‘असू’चा २०२०चा संप मार्चपासून डिसेंबरपर्यंत चालला. २०२२चा १४ फेब्रुवारीला सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. अशा वर्षी सत्रं पुढे ढकलली जातात, दोन तुकड्या एकाच वेळी विद्यापीठात अडकून पडतात आणि विद्यार्थ्यांचा आकडा विचित्र दिसतो. तुलनेसाठी शक्यतो संप नसलेलं वर्ष घ्या. दोन देशांसाठी अगदी तेच वर्ष मिळालं नाही तर एका वर्षाचा फरक चालेल, पण पाच वर्षांचा फरक ठेवून ‘ताजे उपलब्ध आकडे’ म्हणणं ही वाचकाची फसवणूक आहे.

पायरी ५: आकडे कुठून घ्यायचे

सुरुवात युनेस्को सांख्यिकी संस्थेपासून करा. मॉन्ट्रियलमधली ही संस्था देशांकडून प्रश्नावली भरून घेते आणि आकडे मोफत देते. तक्त्यांमध्ये आकड्याशेजारी एक तारा असेल तर तो देशाचा अंदाज, दोन तारे असतील तर संस्थेने स्वतः बांधलेला अंदाज. रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे. एक्सेलमध्ये ती शून्य म्हणून धरली गेली की सरासरीची वाट लागते. नायजेरियाची उच्च शिक्षणाची मालिका तुटक आहे, त्यामुळे अशा रिकाम्या जागा तुम्हाला भेटणारच.

जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरही हेच आकडे आहेत, कारण बँक ते युनेस्कोकडूनच घेते. दोन ठिकाणी एकच आकडा सापडला म्हणून तो पक्का झाला, असं समजू नका. एकाच आडातलं पाणी दोन पोहऱ्यांत आलंय.

मग राष्ट्रीय स्रोतांकडे वळा. दक्षिण आफ्रिकेचा उच्च शिक्षण आणि प्रशिक्षण विभाग शालेय शिक्षणानंतरच्या सगळ्या शिक्षणाचा सांख्यिकी अहवाल दरवर्षी काढतो, आणि तिथली उच्च शिक्षण परिषदही निवडक तक्ते छापते. नायजेरियासाठी वर सांगितलेले तीन नियामक आणि २०१२चा तो अहवाल. आंतरराष्ट्रीय आणि राष्ट्रीय आकडा जुळला नाही तर घाबरू नका; बहुधा पायरी २ किंवा ३ मधलं काहीतरी आत-बाहेर झालेलं असतं, आणि ते शोधण्यातच देशाची खरी रचना कळते.

पायरी ६: हिशेब

आता प्रत्यक्ष भागाकार. नायजेरियाच्या अहवालात विद्यार्थी १२,५२,९१३ आणि अध्यापक ३७,५०४. भागाकार येतो ३३.४. दक्षिण आफ्रिकेच्या सार्वजनिक विद्यापीठांत २०१२ मध्ये विद्यार्थी ९,५३,३७३. १७ हजारांहून थोड्या जास्त कायम अध्यापकांनी भागलं तर ५५च्या आसपास. म्हणजे नायजेरियात वर्ग लहान आणि दक्षिण आफ्रिकेत गर्दी?

इथेच थांबलात तर निष्कर्ष उलटा जाईल. दक्षिण आफ्रिकेच्या विद्यार्थ्यांत ‘युनिसा’चे तीन लाखांहून जास्त आहेत. हे दूरशिक्षण विद्यापीठ आहे आणि तिथले बहुतेकजण नोकरी सांभाळून थोडेथोडे विषय घेतात. विद्यार्थ्यांचीही पूर्णवेळ-समतुल्य संख्या घेतली तर ती साधारण सव्वासहा ते साडेसहा लाखांवर येते, आणि भागाकार उतरतो ३६-३७ वर. त्यात तात्पुरत्या अध्यापकांच्या कामाचे तास मिळवले तर तो आणखी खाली जाईल.

नायजेरियाच्या बाजूलाही हात लावून पाहा. समजा, ३७,५०४ मध्ये दहा टक्के नावं दुबार आहेत. ही निव्वळ कल्पना आहे, मोजलेली गोष्ट नव्हे. तरी अध्यापक उरतात सुमारे ३३,७५० आणि भागाकार होतो ३७. म्हणजे गृहीतकं जराशी हलवली की ३३ विरुद्ध ५५ ही दरी बुजून जाते. असा ‘समजा’चा हिशेब प्रत्येक तुलनेत करावा आणि तो कल्पित असल्याचं स्पष्ट लिहून छापावाही. वाचकाला त्यातून कळतं की आकडा किती घट्ट आहे.

लोकसंख्येशी भागायचं असेल तर आणखी एक खड्डा आहे. दक्षिण आफ्रिकेत २०११ आणि २०२२ मध्ये जनगणना झाली. २०११ची लोकसंख्या ५ कोटी १८ लाख. नायजेरियाची शेवटची जनगणना २००६ची, १४ कोटींची. त्यानंतरचं सगळं अंदाजावर. २०१२साठी साडेसोळा ते सतरा कोटी धरले तर नायजेरियात लाखामागे २२-२३ विद्यापीठ अध्यापक येतात, दक्षिण आफ्रिकेत ३३च्या आसपास. एकूण संख्येत नायजेरिया दुपटीने पुढे, लाखामागे दक्षिण आफ्रिका दीडपटीने. पण पायरी २ आठवा: नायजेरियाच्या पॉलिटेक्निक आणि शिक्षणशास्त्र महाविद्यालयांचे शिक्षक यात नाहीत, आणि दक्षिण आफ्रिकेचे तसे शिक्षक आहेत. त्यामुळे ‘लाखामागे’ची तुलना तिन्ही गल्ल्यांची बेरीज मिळाल्याशिवाय करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

पायरी ७: सरासरीच्या आत डोकावा

नायजेरियाच्या ३३ या सरासरीत काय दडलंय? त्याच अहवालात राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एका अध्यापकामागे ३६३ विद्यार्थी, अबुजा विद्यापीठात १२२, लागोस राज्य विद्यापीठात ११४. मुक्त विद्यापीठाचा आकडा दूरशिक्षणामुळे समजण्यासारखा आहे. अबुजा आणि लागोसचा नाही. तिथे मुलं प्रत्यक्ष वर्गात बसतात.

म्हणून मुख्य हिशेबातून दूरशिक्षण संस्था दोन्हीकडे बाजूला काढा, नायजेरियाचं मुक्त विद्यापीठ आणि दक्षिण आफ्रिकेचं युनिसा, आणि भागाकार पुन्हा करा. जमलं तर विद्याशाखेनुसारही. नायजेरियाच्या विद्यापीठ आयोगाचे निकष वैद्यकशास्त्रात एकास १०, अभियांत्रिकीत एकास १५, विज्ञानात एकास २०, कलाशाखेत एकास ३० असे आहेत. ज्या देशात कलाशाखेचे विद्यार्थी जास्त, तिथे सरासरी वर असणार, आणि त्यावरून शिक्षक कमी आहेत असं म्हणता येत नाही.

पायरी ८: पात्रता

नायजेरियाच्या ३७,५०४ पैकी पीएच.डी. असलेले १६,१२७, म्हणजे ४३ टक्के. दक्षिण आफ्रिकेच्या २०१२च्या राष्ट्रीय विकास आराखड्यात तेव्हाचं प्रमाण ३४ टक्के दिलंय आणि २०३० पर्यंत ते ७५ टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट आहे. नायजेरिया पुढे दिसतो. पण कडुनातले १७४ पैकी १५० पीएच.डी.धारक पाहुणे होते हे विसरू नका. पाहुणे म्हणून बोलावलं जातं ते बहुधा पीएच.डी. असलेल्यांनाच, त्यामुळे दुबार मोजणी झाली तर ती हे प्रमाण वरच ढकलते. शिवाय दक्षिण आफ्रिकेत पूर्वीच्या टेक्निकॉनचे शिक्षक हिशेबात आहेत. तिथे उद्योगातला अनुभव मोठा मानला जाई आणि पीएच.डी.ची परंपरा कमी होती. एकाने जे आत घेतलं तेच दुसऱ्याने बाहेर ठेवलंय, आणि नऊ टक्क्यांच्या फरकातला बराच भाग तिथून आलेला असू शकतो.

पायरी ९: तक्ता मांडताना

प्रत्येक आकड्याखाली चार गोष्टी लिहा: कोणत्या संस्था, कोणते शिक्षक, कोणतं वर्ष, कोणाचा आकडा. जागा कमी पडली तर आलेख लहान करा, टीप नको. दशांश चिन्हानंतर एकाच घराइतकं लिहा. ज्या संख्येत दुबार नावांची शंका आहे तिथे दोन दशांश दाखवणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. आणि ‘जास्त’, ‘कमी’ हे शब्द वापरताना कशाच्या मानाने ते त्याच वाक्यात सांगा.

दुसरी जोडी निवडलीत तर

पायऱ्या त्याच, खड्डे वेगळे. इथिओपिया असेल तर आधी पंचांग बघा: तिथलं कॅलेंडर आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, आणि शिक्षण मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातलं २०१२ हे वर्ष म्हणजे आपलं २०१९–२०. शिवाय २००७ नंतर तिथे जनगणना झालेली नाही, आणि विद्यापीठांतल्या परदेशी अध्यापकांमध्ये भारतीयही बरेच राहिलेत, म्हणून देशी-परदेशी विभागणीचा तक्ता मिळाला तर तोही घ्या. केनियात एकाच शहरातल्या अनेक परिसरांत फिरून शिकवणारे अर्धवेळ अध्यापक खूप आहेत. तिथे पायरी ३ सगळ्यात महत्त्वाची. घानात २०१२च्या कायद्याने शिक्षक प्रशिक्षणाच्या ३८ महाविद्यालयांना उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला आणि २०१६ पासून पॉलिटेक्निकची तंत्र विद्यापीठं होऊ लागली. तिथली दहा वर्षांची मालिका काढत असाल तर या दोन वर्षांपाशी आलेखाची रेघ तोडून दाखवा, कारण तिथली वाढ नवीन शिक्षक नेमल्यामुळेच झाली असं गृहीत धरता येत नाही.